अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कोंबड्यांच्या खुराड्यात स्टुडिओ थाटणाऱ्या बाईंकडून फोटो काढायला शिका

घरचं लग्न असो, गावची जत्रा असो, नाहीतर मित्रांसोबतचा ट्रेक असो, संध्याकाळपर्यंत ग्रुपवर शे-दोनशे फोटो येऊन पडतात. त्यातला स्टेटसला ठेवावा असा एखादाच निघतो. मग दोष थेट मोबाईलवर जातो. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, शेजारच्याचा फोन कुठल्या कंपनीचा, आता नवा घ्यायलाच हवा, ही चर्चा सुरू होते.

आज ज्यांची गोष्ट सांगतोय त्या बाईंचा कॅमेरा म्हणजे एक जाडजूड लाकडी खोका होता. फिल्म नव्हती, काच वापरायची. काचेला रसायन चोपडायचं, ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत अंधाऱ्या खोलीत पळायचं. समोरच्या माणसाला कितीतरी वेळ न हलता बसावं लागायचं. झूम नाही, फिल्टर नाही, डिलीटचं बटण नाही. एवढं करून या बाईंनी काढलेले चेहरे दीडशे वर्षांनंतरही जगभरातली म्युझियम्स जपून ठेवतात.

ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन हे त्यांचं नाव. आडनाव कॅमेरॉन आणि काम कॅमेऱ्याचं हा निव्वळ योगायोग बरं का. आणि आणखी एक गोष्ट, बाई जन्मल्या आपल्या कोलकात्यात.

११ जून १८१५ चा जन्म. वडील जेम्स पॅटल ईस्ट इंडिया कंपनीत अधिकारी, आई फ्रेंच घराण्यातली. पॅटल बहिणी दिसायला देखण्या म्हणून तेव्हाच्या कोलकात्यातल्या गोऱ्या समाजात प्रसिद्ध होत्या. ज्युलियाचं कौतुक व्हायचं ते मात्र हुशारीसाठी. सुंदर बहिणींच्या घरात वाढलेल्या या मुलीने पुढे आयुष्यभर माणसांच्या चेहऱ्यातलं सौंदर्य शोधलं, हे ध्यानात ठेवा.

शिक्षण फ्रान्सला आजीकडे झालं. मग परत भारत. १८३६ मध्ये तब्येत सुधारायला म्हणून त्या दक्षिण आफ्रिकेतल्या केपला गेल्या आणि तिथे त्यांना दोन माणसं भेटली. दोघांनीही त्यांचं आयुष्य बदललं.

पहिले सर जॉन हर्शेल. हे खगोलशास्त्रज्ञ तेव्हा केपला राहून दक्षिणेकडच्या आकाशाचा नकाशा तयार करत होते. फोटो काचेवर किंवा कागदावर कायमचा टिकवायला जे रसायन लागतं, ज्याला जुने फोटोग्राफर हायपो म्हणतात, त्याचा हा उपयोग हर्शेल यांनीच दाखवून दिला. फोटोग्राफी हा शब्द रुळवला त्यांनी, निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह हे शब्दही त्यांचेच. फोटोचा शोध नुकताच लागला होता तेव्हा त्यांनी त्याचे नमुने ज्युलियाबाईंना थेट कोलकात्याला पाठवले होते.

दुसरे चार्ल्स हे कॅमेरॉन. वयाने वीस वर्षांनी मोठे, पेशाने कायदेपंडित. १८३८ मध्ये दोघांचं लग्न झालं. मेकॉलेच्या ज्या कायदा आयोगाने इंडियन पीनल कोडचा मसुदा तयार केला, त्या आयोगात हे चार्ल्स होते. २०२४ मध्ये भारतीय न्याय संहिता येईपर्यंत आपल्याकडे जो आयपीसी चालला, तोच हा.

१८४८ मध्ये कुटुंब भारत सोडून इंग्लंडला गेलं आणि १८६० मध्ये आइल ऑफ वाईट बेटावर फ्रेशवॉटर या गावी स्थायिक झालं. सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, कॅमेरॉन यांचे कॉफीचे मळे होते. त्यातल्याच एका मळ्याच्या नावावरून घराला नाव दिलं डिंबोला. शेजारी कोण राहायचं, तर इंग्लंडचे राजकवी टेनिसन. घरी सतत कवी, चित्रकार, शास्त्रज्ञ यांचा राबता. आणि बाईंचा स्वभाव असा की आलेल्या पाहुण्याला मोकळं सोडायचंच नाही.

१८६३ चा नाताळ. सहा मुलं मोठी होत आलेली, नवरा मळे बघायला सिलोनला गेलेला. आईला करमावं म्हणून मुलगी आणि जावयाने तिला एक कॅमेरा भेट दिला. बाई तेव्हा ४८ वर्षांच्या होत्या. फोटोंचे अल्बम जमवायचा नाद आधीपासून होता, पण कॅमेरा कसा चालवतात, कुठे ठेवायचा, माणूस कुठे बसवायचा, यातलं काही येत नव्हतं.

त्यांनी घरातली कोळशाची खोली रिकामी केली आणि तिची डार्करूम केली. अंगणात कोंबड्यांसाठी काचा लावलेलं खुराडं होतं. कोंबड्यांना बाहेर काढलं आणि तिथे स्टुडिओ थाटला. गावातला एक शेतकरी तासाला पैसे देऊन समोर बसवला. फोटो घेतला, तो बराही आला असावा, पण काचेच्या ओल्या बाजूवरूनच बाईंनी हात फिरवला आणि पहिलाच फोटो पुसला गेला.

बाईंच्या पुढच्या फोटोंवरही हे सगळं दिसतं. कुठे बोटांचे ठसे, कुठे रसायनाचे ओघळ, कुठे धूळ. काचेवर थर एकसारखा पसरवणं हे खरंच अवघड काम होतं आणि बाईंना घाईही फार असायची. आपल्याकडे त्या मानाने फारच सोपं आहे. मोबाईल दिवसभर खिशात, पर्समध्ये, तेलकट हातात फिरतो आणि मागच्या लेन्सवर बोटांचा थर बसतो. रात्री दिव्यांच्या भोवती रेघा पसरतात, चेहरा धुक्यातल्यासारखा येतो, तो बहुतेक वेळा याचमुळे. फोटो काढायच्या आधी सुती रुमालाने लेन्स पुसली तरी अर्धा फरक पडतो. हा सल्ला इतका साधा आहे की कुणी मनावर घेत नाही.

जानेवारी १८६४ मध्ये बाईंना मनासारखा फोटो मिळाला. ॲनी फिलपॉट नावाची गावात आलेली एक लहान मुलगी. जाड कोट घातलेला, केस थोडे विस्कटलेले, नजर कॅमेऱ्याकडे नाही. कॅमेरा हातात येऊन जेमतेम महिना झाला होता. बाईंना इतका आनंद झाला की त्याच दिवशी त्यांनी तो छापला, फ्रेम केला आणि मुलीच्या वडिलांना देऊन टाकला. आपलं पहिलं यश अशी नोंदही त्यांनी त्यावर केली.

आता हा फोटो तेव्हा वेगळा का वाटला, ते समजून घेऊ. त्या काळात इंग्लंडात छोट्या कार्डावरच्या फोटोंची लाट होती. स्टुडिओत जायचं, मागे रंगवलेला पडदा, बाजूला खोटा खांब किंवा खुर्ची, आणि माणूस डोक्यापासून बुटापर्यंत उभा. कार्डावर चेहरा यायचा बोटाच्या नखाएवढा. कपडे दिसायचे, खांब दिसायचा, माणूस दिसायचा नाही. ओळखीचं वाटतंय ना? गेटवे ऑफ इंडियासमोर आपण जो फोटो काढतो तोही असाच असतो. गेटवे पूर्ण हवा, बूटही हवेत, मग मधला माणूस काडीएवढा.

ज्युलियाबाईंनी खांब काढला, पडदा काढला, पाय काढले. मागे काळं कापड टांगलं, माणसाच्या अंगावर गडद शाल गुंडाळली आणि कॅमेरा जवळ नेला. एवढा जवळ, की काचभर चेहराच. डेव्हिड विल्की विनफिल्ड नावाचा एक चित्रकार असे जवळून फोटो घ्यायचा. त्याच्याकडून आपण एक धडा घेतल्याचं बाईंनी मोकळेपणाने मान्य केलंय. १८६६ मध्ये तर त्यांनी १५ बाय १२ इंचांची काच बसणारा मोठा कॅमेरा घेतला. तेव्हा फोटो मोठा करून छापायची सोय सहज नव्हती, काच जेवढी तेवढाच फोटो. खऱ्या डोक्याएवढं डोकं हवं म्हणून कॅमेराच मोठा.

मोबाईलवर हे करताना एक गोम आहे. जवळ जायचं म्हणून आपण नेहमीची एक एक्सवाली लेन्स नाकापर्यंत नेली, तर नाक मोठं दिसतं आणि कान मागे पळतात. तो चेहऱ्याचा दोष नाही, रुंद लेन्स जवळ नेली की असंच होतं. त्यापेक्षा दोन पावलं मागे व्हा आणि फोनमध्ये दोन किंवा तीन एक्सची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. नसेल तर थोडं लांबून काढा आणि नंतर क्रॉप करा. दोन बोटांनी वाट्टेल तेवढा झूम ताणू नका, त्यात फोन बऱ्याचदा क्रॉपच करत असतो आणि चेहरा मेणाचा होतो.

पण बाईंची खरी करामत उजेडात होती.

काचेचं घर म्हणजे चारी बाजूंनी उजेड. दुसरा कुणी असता तर खूश झाला असता, कारण जितका उजेड जास्त तितका फोटो लवकर निघणार. बाईंनी उलटं केलं. काचांवर पडदे ओढले आणि एकाच बाजूने उजेड आत येऊ दिला. त्याने काय होतं? चेहऱ्याची एक बाजू उजळते, दुसरी हळूहळू अंधारात जाते. नाकाला उंची येते, डोळ्यांना खोली येते, सुरकुती सुरकुतीसारखी दिसते. सपाट कागदावर गोल डोकं उभं राहतं ते सावलीमुळे. याची किंमतही बाईंनी मोजली. उजेड कमी म्हणून वेळ जास्त, वेळ जास्त म्हणून माणूस हलण्याची भीती जास्त.

हा प्रयोग आजच करून बघण्यासारखा आहे. दुपारी घरातली ट्यूबलाइट बंद करा. आजीला खिडकीशेजारी बसवा, पण थेट ऊन अंगावर येणार नाही अशा बेताने. ऊन येत असेल तर पांढरी साडी किंवा पातळ पडदा आडवा धरा. खिडकी आजीच्या एका बाजूला हवी, पाठीमागे नको, नाहीतर आजी काळी आणि खिडकी पांढरी. फ्लॅश बंद. ट्यूब चालू ठेवली तर एका गालावर आकाशाचा निळसर उजेड आणि दुसऱ्यावर ट्यूबचा वेगळा रंग, मग एडिटिंगमध्ये कितीही डोकं घाला, त्वचेचा रंग ताळ्यावर येत नाही.

मग स्क्रीनवर आजीच्या डोळ्यावर बोट ठेवा. बहुतेक फोनवर त्या जागी फोकस लागतो आणि बाजूला सूर्यासारखं चिन्ह येतं. ते खाली ओढलं की फोटो काळोखतो. थोडा ओढाच. फोनला काळोख आवडत नाही, सावली दिसली की तो ती भरून काढायला बघतो आणि सगळा चेहरा पिठासारखा सपाट करून ठेवतो. सावली कुठे ठेवायची हे तुम्ही ठरवायचं. पन्नास प्रकारचे फिल्टर लावण्यापेक्षा या एका रेघेवर हात बसवणं कितीतरी जास्त कामाचं आहे, असं आमचं स्पष्ट मत.

आता वादाचा मुद्दा. बाईंचे फोटो धूसर असतात. कडा विरघळल्यासारख्या, कधी डोळे स्पष्ट तर कान गायब, कधी डोळेसुद्धा थोडे हललेले. त्यावरून तेव्हाही भांडणं झाली आणि आजही अभ्यासकांत चर्चा होते. बाईंना फोकस जमत नव्हता की त्या मुद्दाम तसं करत होत्या?

थोडं तंत्र बघू. त्यांच्या पहिल्या लेन्सचं तोंड मोठं होतं आणि जवळून फोटो काढताना अशा लेन्सला अगदी पातळ थरच स्पष्ट दिसतो. शिवाय त्या लेन्समध्ये असा दोष होता की डोळ्याला जिथे फोकस दिसतो, रसायनाला तो तिथेच मिळेल याची खात्री नसायची. माणूस मिनिट-मिनिट बसणार म्हटल्यावर श्वास घेताना हलणार. म्हणजे सुरुवातीचा धूसरपणा नक्कीच अंगावर आलेला होता. पण पुढे चांगली लेन्स आली, हात बसला, तरी बाईंनी तो सोडला नाही. लेन्स फिरवता फिरवता डोळ्यांना सुंदर दिसलं की आपण तिथेच थांबतो, आणखी धारदार करायच्या मागे लागत नाही, असं त्यांनी स्वतःच्या आठवणींत सांगून ठेवलंय.

आमच्या मते दोन्ही खरं आहे. चूक आधी झाली, मग ती आवडली, मग तिचा उपयोग करायला त्या शिकल्या. आज फोनमधला पोर्ट्रेट मोड जे करतो त्याच्या मुळाशी हीच आवड आहे. फरक इतकाच, की फोन फोटो निघाल्यावर हिशेब करून मागचा भाग पुसट करतो. त्यामुळे मोकळे केस, चष्म्याची काडी, कानातले झुमके अर्धवट कापले जातात. पोर्ट्रेट मोड लावायचाच असेल तर माणूस भिंतीपासून चांगला लांब उभा करा आणि फोटो झाल्यावर केसांच्या कडा मोठ्या करून तपासा. पुसटपणाचं प्रमाण नंतरही कमी करता येतं, ते करा.

मात्र प्रत्येक हललेला फोटो कलेच्या नावावर खपवता येत नाही. रात्री फोन जास्त वेळ उजेड गोळा करत असतो, तेव्हा कोपर भिंतीला टेकवा, फोन दोन्ही हातांनी धरा, श्वास सोडून मग बटण दाबा. तरीही समोरचं लहान मूल हललं तर हललं. तो फोटो लगेच उडवू नका, दुसऱ्या दिवशी एकदा बघा.

बाईंच्या कॅमेऱ्यासमोर बसणं ही शिक्षाच होती म्हणतात. पाहुणे, नातेवाईक, मोलकरणी, रस्त्याने जाणारी मुलं, कुणीही सुटायचं नाही. मुलांना पंख लावून देवदूत करायच्या, म्हाताऱ्यांना राजे करायच्या. टेनिसनच्या कवितांवर त्यांनी अख्खी फोटोमालिका केली. त्यातले काही फोटो आज बघताना शाळेच्या गॅदरिंगची आठवण येते, खोटं कशाला बोला. घरातली चादरी-टेबलक्लॉथं रसायनांनी काळी पडली. हात तर कायमचेच काळे. काचेवरचा फोटो पक्का करायला त्या सायनाइडयुक्त रसायन वापरायच्या आणि त्याची त्यांना स्वतःलाही धास्ती वाटायची. प्रत्येक नवी काच घेऊन त्या ओल्या हातांनी जेवणघरात पळत जायच्या, कारण चार्ल्स यांना ती आधी दाखवायची असायची. नवरा प्रत्येक वेळी मनापासून कौतुक करायचा. सोशल मीडियाच्या भाषेत सांगायचं तर पहिला लाईक कायम घरातूनच.

पण इतका वेळ बसवण्याचा एक फायदा झाला. हसू मिनिटभर टिकत नाही. तोंडावर आणलेला भाव पहिल्या काही सेकंदांत गळून पडतो आणि खालचा खरा चेहरा वर येतो. १८६७ मध्ये हर्शेल यांचा फोटो काढायला बाई कॅमेरा, काचा, रसायनं सगळं घेऊन त्यांच्या घरी गेल्या. तीस वर्षांची ओळख, हर्शेल आता पंचाहत्तरीचे. बाईंनी त्यांना केस धुवायला लावले आणि मग ते विस्कटले. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या केसांचा उजेड आणि आभाळ बघून थकलेले ते डोळे. विज्ञानाच्या इतिहासात हर्शेल यांचं नाव निघालं की हाच चेहरा समोर येतो.

म्हणून स्माईल प्लीज म्हणून झाल्यावर लगेच फोन खाली ठेवू नका. एक फोटो काढा, झाला असं सांगा आणि समोरचा सैल पडला की दुसरा काढा. दुसराच चांगला येतो. आणि ज्याचा फोटो काढताय त्याच्याशी बोला. आजोबांना त्यांच्या पहिल्या नोकरीबद्दल विचारा, हात आपोआप हलायला लागतात, डोळे कुठेतरी लांब जातात. बर्स्ट मोडमध्ये चाळीस फोटो काढून त्यातला एक निवडणं वाईट नाही, पण चाळीसही फोटोंत आजोबा कॅमेऱ्याकडेच टक लावून बघत असतील तर निवडणार काय?

डार्विन १८६८ च्या उन्हाळ्यात फ्रेशवॉटरला राहायला आले होते, त्यांचाही फोटो बाईंनी घेतला. तो डार्विन यांना स्वतःच्या इतर फोटोंपेक्षा जास्त आवडला. पण बाईंचे सगळ्यांत जास्त फोटो आहेत ते बायकांचे, आणि त्यातल्या कितीतरी त्यांच्या घरात कामाला असलेल्या. मेरी हिलियर ही मोलकरीण तर इतक्या वेळा मॅडोना म्हणजे मेरीमाता झाली की गावात तिची ओळखच ती पडली.

दुसरी मेरी रायन. ही आयरिश मुलगी लहानपणी आईसोबत भीक मागताना बाईंना भेटली. त्यांनी तिला घरी आणून शिकवलं, ती घरकाम करायची आणि फोटोंसाठी बसायची. बाईंच्या फोटोंचं लंडनला प्रदर्शन होतं, तिथे हेन्री कॉटन नावाच्या तरुणाने तिला पाहिलं आणि १८६७ मध्ये दोघांचं लग्न झालं. हे हेन्री कॉटन म्हणजे भारतातले सनदी अधिकारी, पुढे आसामचे चीफ कमिशनर. निवृत्तीनंतर १९०४ मध्ये ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि ते अधिवेशन भरलं होतं आपल्या मुंबईत. फ्रेशवॉटरच्या खुराड्यापासून मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनापर्यंतचा हा धागा आम्हालाही शोधताना मजेशीर वाटला.

कौतुक मात्र सरळ मिळालं नाही. फोटोग्राफीच्या मासिकांनी बाईंची कल्पना चांगली पण हात कच्चा असा शेरा मारला. ठसे, डाग, धूसरपणा, सगळ्याची यादी काढली. ॲलिस इन वंडरलँड लिहिणारे लुईस कॅरल स्वतः चांगले फोटोग्राफर होते, त्यांनाही हे मुद्दाम धूसर केलेले फोटो पटले नाहीत. एका बाजूला ही टीका आणि दुसऱ्या बाजूला बर्लिनच्या प्रदर्शनात १८६६ मध्ये सुवर्णपदक. त्याआधी १८६५ मध्येच लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन म्युझियमने त्यांचे ८० फोटो विकत घेतले होते. १८६८ मध्ये तर म्युझियमने त्यांना फोटो काढायला दोन खोल्या दिल्या. हेच आजचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड म्युझियमचं जुनं नावही हेच होतं, पण हे लंडनचं.

बाईंना पैसाही हवा होता. सिलोनचे कॉफीचे मळे तोट्यात चालले होते आणि १८६९ पासून तिथल्या कॉफीवर तांबेरा पडला. त्यांनी शेकडो फोटोंचे रीतसर कॉपीराइट नोंदवले, प्रसिद्ध माणसांकडून प्रिंटवर सह्या घेऊन ते विकायला ठेवले. आपला फोटो दुसऱ्याच्या पेजवर नाव कापून फिरताना दिसला की ज्यांना राग येतो, त्यांनी हे वाचून घ्यावं. आपलं नाव टाका, मूळ फाइल जपा.

मूळ फाइल जपण्यावरून आठवलं. बाईंच्या कितीतरी आवडत्या निगेटिव्हवरचा थर काही वर्षांत तडकला. त्या काचा घेऊन त्या फोटोग्राफिक सोसायटीच्या सभेत गेल्या, हे का होतंय म्हणून विचारायला. पण तडकलेली काच परत जुळत नाही. आपल्या फोटोंचं मरण वेगळ्या प्रकारे येतं. फोन पाण्यात पडतो, हरवतो, मेमरी फुल होते, आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो दाबून लहान झालेला असतो. आईच्या साठीचे, बाळाच्या बारशाचे फोटो दोन ठिकाणी ठेवा, एक ऑनलाइन आणि एक हार्ड डिस्कवर. पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर मूळ आकारात जातात. आणि वर्षातून दहा तरी छापून घ्या.

१८७५ मध्ये कॅमेरॉन दांपत्याने इंग्लंड सोडलं आणि सिलोन गाठलं. सोबतच्या सामानात दोघांसाठी शवपेट्याही होत्या, असं सांगतात. तिथे रसायनं, शुद्ध पाणी, ओळखीची माणसं, सगळ्याचाच तुटवडा. फोटो फारच कमी झाले. मारियान नॉर्थ या वनस्पतींची चित्रं काढणाऱ्या चित्रकर्तीला १८७७ मध्ये मात्र त्यांनी गाठलं. अंगावर शाल, केस मोकळे, मागे नारळाच्या झावळ्या, असं तिला भर उकाड्यात उभं केलं.

सिलोनच्या फोटोंत मळ्यावर राबणारी माणसंही आहेत. उजेड तसाच एका बाजूने, मान तशीच ताठ. फ्रेशवॉटरच्या मोलकरणींची नावं आपल्याला माहीत आहेत. या मळेवाल्यांपैकी बहुतेकांची नाहीत. त्यांना विचारलं होतं का, त्यांना एखादी प्रिंट मिळाली का, याचा पत्ता फोटोवरून लागत नाही. मालकिणीने समोर बस म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? ज्युलियाबाईंचं बाकी सगळं उचला, हे उचलू नका. वारीत, बाजारात, पाड्यावर कुणाचा चेहरा टिपलात तर आधी विचारा, नाव लिहून घ्या आणि जमलं तर फोटो त्या माणसापर्यंत पोहोचवा.

२६ जानेवारी १८७९ रोजी सिलोनमध्येच बाईंचं निधन झालं. कॅमेरा हातात येऊन जेमतेम पंधरा वर्षं झाली होती आणि तेवढ्यात त्यांचे हजाराच्या वर फोटो तयार झाले होते. त्यानंतर बराच काळ नाव मागे पडलं. ते पुन्हा पुढे आणलं लेखिका व्हर्जिनिया वुल्फने, १९२६ मध्ये, त्यांच्या फोटोंचं पुस्तक काढून. वुल्फची आई ज्युलिया जॅक्सन ही बाईंची भाची आणि आवडती मॉडेल. व्हर्जिनिया १३ वर्षांची असताना आई गेली. आई तरुणपणी कशी दिसायची हे मावसआजीच्या फोटोंत उरलं होतं.

फ्रेशवॉटरचं डिंबोला हे घर पाडायला निघालं होतं, ते वाचवून तिथे म्युझियम झालं. लंडनच्या म्युझियमच्या वेबसाइटवर बाईंचे फोटो फुकट बघता येतात. शोधताना १८६७ सालचे दोन काढा, हर्शेल आणि ज्युलिया जॅक्सन. खिडकी कुठल्या बाजूला असेल ते सावलीवरून ओळखा, आणि मग आपल्या घरातली तशी खिडकी शोधा. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला बघितलं तर लवकर सापडेल.